मेट्रोपोलिस (चित्रपट)

मेट्रोपोलिस हा इ.स. १९२७ साली प्रदर्शित झालेला जर्मन मूकपट आहे. दिग्दर्शन फ्रिट्झ लांग यांचे असून पटकथा थेआ फॉन हार्बू यांनी लांग यांच्या सहकार्याने लिहिली. 'उफा' या जर्मन चित्रसंस्थेसाठी एरिख पोमर यांनी त्याची निर्मिती केली. विज्ञानकथेवर आधारलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत त्याची गणना होते. पडद्यावरील यंत्रमानवाचे जे रूप पुढे जगभर रूढ झाले, त्याचा मोठा भाग या चित्रपटातून आला आहे.

बर्लिन येथे १० जानेवारी १९२७ रोजी दाखवण्यात आलेली मूळ प्रत ४,१८९ मीटर लांबीची होती. त्यानंतर काही महिन्यांतच चित्रपटाचा सुमारे चौथा हिस्सा कापून टाकण्यात आला. पुढील ऐंशी वर्षे प्रेक्षक आणि अभ्यासक तो अपूर्ण रूपातच पाहत होते. इ.स. २००८ मध्ये अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस येथे सापडलेल्या प्रतीमुळे बहुतेक हरवलेले प्रसंग परत मिळाले. यंत्रमानव कोणी, कोणासाठी आणि का घडवला, या प्रश्नांची उत्तरे याच प्रसंगांत असल्याने चित्रपटाच्या अभ्यासात त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचा इतिहास महत्त्वाचा ठरतो.

'रोबो' आणि 'यंत्रमानव'

'रोबो' हा शब्द झेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकामुळे जगभर पसरला. हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. वेठबिगारी या अर्थाच्या झेक शब्दावरून तो घडवण्यात आला. मेट्रोपोलिसच्या जर्मन संहितेत मात्र 'माशिनेनमेन्श' असा शब्द आहे. 'माशिने' म्हणजे यंत्र आणि 'मेन्श' म्हणजे माणूस. मराठीतील 'यंत्रमानव' हा सामासिक शब्द त्याच्याशी घटकशः जुळतो. 'रोबो' या शब्दातून राबणारे यंत्र सूचित होते, तर 'यंत्रमानव' या शब्दातून माणसाच्या रूपातील यंत्र. चित्रपटाचा मूळ विषय यांपैकी दुसरा आहे. कापलेल्या आवृत्तीने तो पहिल्याकडे वळवला.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील पराभव, १९२३ ची प्रचंड चलनवाढ आणि त्यानंतर अमेरिकी कर्जांच्या आधाराने आलेले काही वर्षांचे स्थैर्य, अशा काळात हा चित्रपट आकाराला आला. कारखान्यांतील कामाचे यांत्रिकीकरण, कामगारांच्या चळवळी आणि महानगरांची वाढ हे त्या काळच्या जर्मन समाजातील चर्चेचे विषय होते.

लांग यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यूयॉर्कला भेट दिली. तेथील उंच इमारती आणि रात्रीचे दिवे पाहून या चित्रपटाची कल्पना सुचली, असे ते पुढे सांगत. परंतु पटकथेचे काम या प्रवासापूर्वीच सुरू झाले होते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या दर्शनाने कथा दिली असे म्हणण्यापेक्षा नगराला दृश्यरूप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. फॉन हार्बू यांनी याच कथेवर कादंबरीही लिहिली. लांग आणि फॉन हार्बू हे १९२२ ते १९३३ या काळात पतिपत्नी होते.

कथानक

भविष्यकाळातील एका महानगराचे दोन भाग आहेत. वरच्या भागात उंच मनोरे, क्रीडांगणे आणि उद्याने असून तेथे धनिकांचे वास्तव्य आहे. जमिनीखाली यंत्रशाळा आणि त्यांच्याही खाली कामगारांची वस्ती आहे. नगराचा अधिपती यो फ्रेडरसन याचा मुलगा फ्रेडर एके दिवशी उद्यानात मारिया या तरुणीला पाहतो. कामगारांच्या मुलांना वरचे जग दाखवण्यासाठी ती तेथे आलेली असते. तिच्या शोधात फ्रेडर यंत्रशाळेत पोहोचतो. तेथे एका यंत्राचा स्फोट होऊन कामगार जखमी होतात. त्या वेळी फ्रेडरला ते यंत्र नरबळी घेणाऱ्या मोलोख दैवताच्या रूपात दिसते. पुढे तो ११८११ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या कामगाराशी कपड्यांची अदलाबदल करून त्याच्या जागी यंत्रावर उभा राहतो.

कामाची पाळी संपल्यावर कामगार भुयारात जमतात. तेथे मारिया त्यांना बॅबेलच्या मनोऱ्याची कथा सांगते. मनोरा कल्पिणारे आणि बांधणारे यांना एकमेकांची भाषा न समजल्यामुळे सर्वनाश झाला, असा तिचा आशय असतो. मध्यस्थ येईपर्यंत धीर धरावा, असे ती सांगते. फ्रेडरसन आणि संशोधक रोटवांग ही सभा लपून पाहतात.

फ्रेडरसनची दिवंगत पत्नी हेल हिच्यावर रोटवांगचेही प्रेम होते. तिने फ्रेडरसनशी विवाह केला आणि फ्रेडरच्या जन्माच्या वेळी तिचा मृत्यू झाला. रोटवांगने घरात तिचे स्मारक उभारले आहे आणि तिची जागा भरून काढण्यासाठी यंत्रमानव तयार केला आहे. या कामात त्याने आपला उजवा हातही गमावला आहे. कामगारांचा मारियावरील विश्वास मोडण्यासाठी यंत्रमानवाला तिचा चेहरा द्यावा, अशी आज्ञा फ्रेडरसन करतो. रोटवांग वरकरणी ती मान्य करतो. त्याचा अंतस्थ हेतू मात्र फ्रेडरसनचा मुलगा आणि त्याचे नगर या दोन्हींचा नाश करण्याचा असतो.

रोटवांग मारियाला पकडून तिचे रूप यंत्राला देतो. कृत्रिम मारिया प्रथम 'योशिवारा' या रंगमहालात धनिक तरुणांना मोहात पाडते. नंतर ती कामगारांना यंत्रे फोडण्यास चिथावते. मुख्य यंत्र बंद पडताच कामगारांच्या वस्तीत पाणी शिरते. संतापाच्या भरात कामगार आपली मुले घरीच विसरून आलेले असतात. सुटका झालेली खरी मारिया, फ्रेडर आणि त्याचा सहकारी योसाफाट त्या मुलांना वाचवतात. मुले बुडाली असे समजून जमाव कृत्रिम मारियाला चितेवर चढवतो. ज्वाळांत कातडे जळून आतला धातूचा सांगाडा उघडा पडतो. अखेरीस कॅथेड्रलच्या छपरावर फ्रेडर आणि रोटवांग यांची झटापट होऊन रोटवांग खाली कोसळतो. कॅथेड्रलच्या दारात फ्रेडर आपल्या वडिलांचा हात कामगारांच्या मुकादमाच्या हातात देतो.

प्रमुख भूमिका

ब्रिगिटे हेल्म – मारिया आणि यंत्रमानव
गुस्टाफ फ्रोलिख – फ्रेडर
आल्फ्रेड आबेल – यो फ्रेडरसन
रुडोल्फ क्लाइन-रोग्गे – रोटवांग
हाइनरिख गेओर्ग – ग्रोट, मुकादम
थेओडोर लोस – योसाफाट
फ्रिट्झ रास्प – फ्रेडरसनचा हेर
एर्विन बिस्वांगर – कामगार क्रमांक ११८११

निर्मिती

चित्रीकरण २२ मे १९२५ रोजी सुरू होऊन ३० ऑक्टोबर १९२६ रोजी संपले. त्यातील बराचसा भाग बर्लिननजीकच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील चित्रनगरीत पार पडला. खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक होऊन सुमारे ५० लाख राइशमार्कांवर गेला. कार्ल फ्रॉइंड आणि ग्युंटर रिटाऊ हे छायालेखक होते. ओटो हुंटे, एरिख केटेलहुट आणि कार्ल फोलब्रेख्ट यांनी कलादिग्दर्शन केले. गॉटफ्रिड हुपेर्ट्झ यांनी वाद्यवृंदासाठी स्वतंत्र संगीतरचना केली.

लहान प्रतिकृती आणि जिवंत पात्रे एकाच चौकटीत दाखवण्यासाठी ऑयगेन शुफ्टान यांची आरशाची पद्धत वापरण्यात आली. या पद्धतीत कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत आरसा ठेवतात. बाजूला मांडलेल्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब त्यात पडते. जेथे पात्रे दिसायला हवीत, तेवढ्या जागेवरचा पारा खरवडून काच मोकळी केली जाते आणि दूर उभी असलेली पात्रे तिच्यातून दिसतात. अशा रीतीने हातभर उंचीची वास्तू माणसांच्या कित्येक पट मोठी भासते. रस्त्यांवरील वाहनांची दृश्ये प्रतिकृती एकेका चौकटीगणिक किंचित पुढे सरकवून चित्रित करण्यात आली.

काम कष्टाचे होते. पुराच्या प्रसंगासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतील मुलांना अनेक दिवस थंड पाण्यात उभे राहावे लागले. कामगारांच्या पिळवणुकीची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या निर्मितीतच गरिबांच्या मुलांचे हाल झाले, या विसंगतीकडे चित्रपटाच्या इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे.

यंत्रमानवाची घडण

यंत्रमानवाचे शिल्प वाल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ यांनी तयार केले. प्रथम ब्रिगिटे हेल्म यांच्या शरीराचा साचा घेण्यात आला. त्यावर वाळल्यावर लाकडासारखा कडक होणारा लगदा थापून त्याचे तुकडे कापण्यात आले. हे तुकडे जोडून चिलखतासारखा पोशाख बनला आणि रुपेरी रंगामुळे त्याला धातूची झळाळी आली. पडद्यावर पोलादी भासणारा हा देह प्रत्यक्षात धातूचा नव्हता. पोशाखात हेल्म स्वतः असत. तो ताठर असल्याने त्यांना अंगावर ओरखडे आणि उष्म्याचा त्रास सोसावा लागला. हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता.

खुर्चीत बसलेल्या यंत्रमानवाभोवती प्रकाशाची कडी खालीवर फिरतात, ते दृश्य एकच फीत कॅमेऱ्यात पुनःपुन्हा मागे घेऊन तिच्यावर अनेकदा प्रकाशन करून साधण्यात आले.

प्रदर्शन आणि काटछाट

'उफा' संस्था त्या काळात मोठ्या आर्थिक अडचणीत होती. १९२५ च्या अखेरीस तिने पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपन्यांशी करार करून सुमारे ४० लाख डॉलरचे कर्ज मिळवले. त्याच्या मोबदल्यात त्यांना वितरणाचे अधिकार देण्यात आले. अमेरिकेसाठी चित्रपट आटोपशीर करण्याचे काम नाटककार चॅनिंग पोलॉक यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी अनेक प्रसंग गाळले आणि पडद्यावरील मजकूर नव्याने लिहिला. फ्रेडरसन तेथे 'जॉन मास्टरमन' झाला. जर्मनीतही बर्लिनमधील पहिले प्रदर्शन फार काळ चालले नाही. ऑगस्ट १९२७ मध्ये ३,२४१ मीटर लांबीची नवी प्रत प्रदर्शित झाली. दरम्यान 'उफा' संस्था उद्योगपती आल्फ्रेड हुगेनबर्ग यांच्या ताब्यात गेली होती.

काटछाटीचा अर्थावर परिणाम

गाळलेल्या भागांत सर्वांत महत्त्वाचा भाग हेलच्या कथेचा होता. तिचे नाव इंग्रजीतील 'नरक' या अर्थाच्या शब्दासारखे दिसते व त्यामुळे प्रेक्षक हसतील, असे कारण पोलॉक यांनी दिले होते. परंतु हेल वगळताच रोटवांगच्या कृतींमागचा हेतूही नाहीसा झाला. मूळ चित्रपटात तो प्रेयसी गमावलेला, शोक आणि सूड यांनी ग्रासलेला माणूस आहे. त्याचा यंत्रमानव म्हणजे मृत्यूने नेलेल्या व्यक्तीला यंत्राच्या रूपाने परत आणण्याचा प्रयत्न आहे. कापलेल्या आवृत्तीत तो मालकाच्या सांगण्यावरून न थकणारे यांत्रिक कामगार बनवणारा वेडा शास्त्रज्ञ उरला.

फ्रेडरसनच्या हेराचे प्रसंग, कामगार क्रमांक ११८११ याचे रंगमहालाकडे भरकटणे आणि मुलांच्या सुटकेचा विस्तार हेही गाळले गेले. परिणामी गौण पात्रे निर्हेतुक वावरताना दिसू लागली. चित्रपट दृश्यांनी भव्य पण कथेने विस्कळीत आहे, हे मत पुढे रूढ झाले. त्यातील विस्कळीतपणाचा काही दोष कथेचा नव्हे, तर कात्रीचा होता, हे पुनर्रचनेनंतरच स्पष्ट झाले.

समीक्षा

समकालीन समीक्षकांनी तंत्राचे कौतुक केले, मात्र कथेला भाबडी ठरवले. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १७ एप्रिल १९२७ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकात अत्यंत कठोर परीक्षण लिहिले. यंत्रांची वाढ झाली की कष्टकऱ्यांची गुलामी वाढेल, ही कल्पनाच त्यांना अमान्य होती. यंत्रांमुळे अंगमेहनतीची कामे उलट कमी होतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्पॅनिश दिग्दर्शक लुइस बुन्युएल यांनी कथा सामान्य असली तरी दृश्यरचना विलक्षण असल्याचे मत मांडले.

सिगफ्रिड क्राकाउअर यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर' या ग्रंथात शेवटच्या समेटावर आक्षेप घेतला. डोके आणि हात यांना हृदयाने जोडावे, हा संदेश वरवर उदात्त आहे. पण प्रत्यक्षात सत्ता फ्रेडरसनकडेच राहते आणि कामगार शिस्तबद्ध रांगांतून त्याच्यासमोर येतात, असे त्यांनी दाखवले. पुढे खुद्द लांग यांनीही हा संदेश परीकथेतला असल्याचे सांगून चित्रपटाबद्दल असमाधान व्यक्त केले. आंद्रेआस हुइसेन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या निबंधात यंत्राला स्त्रीरूप का दिले गेले, याची चर्चा केली. यंत्राविषयीची भीती आणि स्त्रीविषयीची भीती या चित्रपटात एकमेकींत मिसळल्या आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हरवलेल्या भागांचा शोध आणि पुनर्रचना

हरवलेले प्रसंग कोणते, हे अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक होते. चित्रपट तपासणी मंडळाच्या नोंदपत्रात पडद्यावरील सर्व मजकूर उतरवलेला होता. हुपेर्ट्झ यांच्या स्वरलेखनात संगीत आणि दृश्य यांचा मेळ दाखवणाऱ्या हजाराहून अधिक सूचना होत्या. त्यांच्या आधारे म्युनिक येथील चित्रपट संग्रहालयात एन्नो पातालास यांनी १९८० च्या दशकात पुनर्रचनेचे काम केले. १९८४ साली संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी आधुनिक गीतांसह एक रंगछटा दिलेली आवृत्ती काढली. मूळ संगीताशी तिचा संबंध नसला तरी तिच्यामुळे नवा प्रेक्षकवर्ग या चित्रपटाकडे वळला. मार्टिन कोअर्बर यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रिडरिख विल्हेल्म मुर्नाऊ प्रतिष्ठानने २००१ मध्ये शास्त्रशुद्ध आवृत्ती सिद्ध केली. त्याच वर्षी युनेस्कोने या चित्रपटाची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली. या नोंदवहीत स्थान मिळवणारा हा पहिला चित्रपट होय.

२००८ मध्ये ब्वेनोस आइरेस येथील चित्रपट संग्रहालयात फर्नांदो मार्तिन पेन्या आणि पाउला फेलिक्स-दिदिएर यांना सोळा मिलिमीटरची एक निगेटिव्ह मिळाली. काटछाटीपूर्वीची प्रत १९२८ च्या सुमारास एका वितरकाने अर्जेंटिनात नेली होती. पुढे ती एका समीक्षकाच्या खाजगी संग्रहात राहिली. मूळ ज्वालाग्राही फितीवरून लहान आकाराची नक्कल करताना तिच्यावरील ओरखडे नकलेतही उतरले आणि चित्राच्या कडा कापल्या गेल्या. तरीही तीत सुमारे २५ मिनिटांचा अज्ञात भाग होता. न्यूझीलंडमध्ये सापडलेल्या दुसऱ्या एका प्रतीचाही पुनर्रचनेस उपयोग झाला.

नवी आवृत्ती १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आली. परत मिळालेले प्रसंग त्यांवरील ओरखड्यांमुळे सहज ओळखू येतात. फ्रेडरसन आणि रोटवांग यांची झटापट तसेच कॅथेड्रलमधील साधूचे प्रवचन हे प्रसंग अद्याप उपलब्ध नाहीत. त्यांच्या जागी लिखित मजकूर दाखवला जातो.

यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता: विवेचन

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील नंतरच्या अनेक चित्रपटांत यंत्राला जाणीव असते का आणि ते निर्मात्याविरुद्ध उठेल का, हे प्रश्न केंद्रस्थानी असतात. मेट्रोपोलिसमध्ये कृत्रिम मारियाला स्वतःची इच्छा आहे की नाही, हे स्पष्ट होत नाही. ती चितेवरही हसत राहते, परंतु ते हास्य कशाचे, याचा उलगडा चित्रपट करत नाही. त्याचा भर वेगळ्या प्रश्नावर आहे. माणसे ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतात तोच चेहरा यंत्राला दिला, तर ती कोणाचे ऐकत आहेत हे त्यांना कसे कळणार?

कामगार यंत्राच्या सामर्थ्याने पराभूत होत नाहीत. मारियाने कमावलेला विश्वास तिच्या तोतयाकडे जातो, म्हणून ते फसतात. कालपर्यंत धीराचा उपदेश करणारी व्यक्ती आज विध्वंस करायला सांगते, या विसंगतीची शंका घेण्यास संतापलेल्या जमावाला अवसर नसतो. चिता पेटवण्यासाठी निघालेला जमाव तर सुरुवातीला खऱ्या मारियाच्याच मागे लागतो. एकदा नक्कल प्रचारात आली की खऱ्या माणसावरचाही विश्वास उडतो, ही बाब या प्रसंगातून दिसते. जिवंत व्यक्तींचे चेहरे आणि आवाज यांची संगणकाने हुबेहूब नक्कल करणे शक्य झाल्यापासून चित्रपटाच्या या अंगाला नव्याने महत्त्व आले आहे.

येथे यंत्रमानवामागे दोन माणसांचे दोन हेतू आहेत. फ्रेडरसनला तो सत्ता टिकवण्यासाठी हवा आहे, तर रोटवांगला सूडासाठी. दोघांनाही परिणाम आवरता येत नाहीत. मात्र जमाव जाळतो ते यंत्राला, हेतू धरणाऱ्यांना नव्हे.

प्रभाव

'स्टार वॉर्स' (१९७७) मधील सी-थ्रीपीओ या पात्राची आरंभीची रेखाचित्रे मेट्रोपोलिसच्या यंत्रमानवावरून स्फुरली होती. 'ब्लेड रनर' (१९८२) मधील नगररचनेवरही त्याचा ठसा आहे. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी १९४९ साली याच नावाची चित्रकथा काढली. त्यांनी चित्रपट पाहिला नव्हता, केवळ त्यातील एक छायाचित्र पाहिले होते. क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'रेडिओ गा गा' (१९८४) या गीताच्या चित्रफितीत मूळ चित्रपटाची दृश्ये वापरली आहेत.

भारताशी संबंध

थेआ फॉन हार्बू यांना भारताविषयी तरुणपणापासून ओढ होती. त्यांच्या 'दास इंडिशे ग्राबमाल' (भारतीय समाधी) या कादंबरीवर १९२१ साली योए माय यांनी चित्रपट काढला. लांग यांनी याच कथेवर १९५९ साली दोन भागांत चित्रपट केला आणि त्याचे काही चित्रीकरण उदयपूर येथे झाले.

लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर फॉन हार्बू यांचा विवाह बेळगाव भागातील मराठी पत्रकार आयी गणपत तेंडुलकर यांच्याशी झाला. तेंडुलकर त्या काळी जर्मनीत होते. नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणामुळे हा विवाह गुप्त ठेवावा लागला. लांग यांनी १९३३ मध्येच जर्मनी सोडली होती. फॉन हार्बू मात्र तेथेच राहिल्या आणि नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या. तेंडुलकर भारतात परतले, स्वातंत्र्यचळवळीत सहभागी झाले आणि पुढे त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. या दोघांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी 'इन द शॅडो ऑफ फ्रीडम' या इंग्रजी पुस्तकात ही हकिगत सांगितली आहे. फॉन हार्बू यांचे १९५४ साली, तर लांग यांचे १९७६ साली निधन झाले.